तापी-पूर्णेकाठचा मतदार

इतिहास म्हटला की आम्हांस राजे, लढाया व तह ह्यांचीच आठवण प्रथम होते. यादवांपासून पेशवाईपर्यंत खानदेशाने अनेक राजवटी पाहिल्या. परंतु त्या राजवटींविषयी नांगर धरणाऱ्या कुणब्याचे मत काय होते हे कोणत्याही बखरीत सापडत नाही, कारण ते त्यास कोणी विचारलेच नव्हते. स्वराज्य आल्यापासून मात्र हा प्रश्न त्यास ठराविक काळाने विचारला जात आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांत नोंदले जात आहे. एवढे साधन हाती असूनही मतदारसंघाचा इतिहास म्हणून आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुधा निवडून आलेल्यांचे चरित्र असते. निवडून देणाऱ्यांचा इतिहास लिहिता येईल काय, हे एका मतदारसंघापुरते पाहण्याचा ह्या लेखात विचार आहे.

भुसावळ तालुक्यातील वरणगाव हे ह्या शोधासाठी चांगले ठाणे होय. काळी जमीन, कापूस व केळी, जवळून जाणारा मुंबई-नागपूर रस्ता, 1964 साली निघालेला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आणि 1982 साली पुरे झालेले तापीवरील हतनूरचे धरण, इतक्या गोष्टी ह्या एका टापूत एकत्र आल्या आहेत. शेतकरी, कामगार आणि धरणाच्या पाण्यामुळे जमिनीस मुकलेला माणूस असे तिन्ही प्रकारचे मतदार येथे शेजारी नांदतात. पूर्वेस काही कोसांवर एदलाबाद, म्हणजे आजचे मुक्ताईनगर, आहे. तापी व पूर्णा ह्यांचा संगम आणि मुक्ताबाईचे स्थान ह्यांमुळे वारकऱ्यांस ते पूर्वीच ठाऊक होते. राजकारणात त्याचे नाव पुढे झाले.

प्रथम एक मागची गोष्ट सांगितली पाहिजे. डिसेंबर 1936 मध्ये तापीच्या उत्तरेस फैजपूर येथे राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते आणि खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी ह्यांनी त्याच्या सिद्धतेसाठी अपार श्रम घेतले होते. दूरदूरच्या खेड्यांतून माणसे गाड्या जोडून तेथे आली. त्यानंतर काही आठवड्यांतच, 1937 च्या आरंभी, प्रांतिक कायदेमंडळांच्या निवडणुका झाल्या. परंतु मताचा अधिकार तेव्हा मालमत्ता, सारा किंवा शिक्षण ह्यांवर अवलंबून होता. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे 3 कोटी लोकांनाच तो होता. म्हणजे फैजपुरास जमलेल्यांपैकी बहुतेकांना सभेत जयघोष करण्याचा अधिकार होता, पण पेटीत मत टाकण्याचा नव्हता. जयघोष आणि मत ह्यांतील हे अंतर 1952 च्या निवडणुकीने पुसले. एकवीस वर्षे पुरी झालेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषास मत मिळाले. तरी त्या वेळी देशभरात सुमारे 28 लक्ष स्त्रियांची नावे यादीतून गळली, कारण त्यांनी आपले नाव न सांगता 'अमक्याची बायको' वा 'तमक्याची मुलगी' एवढेच सांगितले होते. कायद्याने दिलेला अधिकार हाती येण्यास स्वतःचे नाव उच्चारण्याचे धैर्य लागते, हा त्याचा अर्थ.

ज्या देशात ही अवस्था होती, त्यातीलच एका ग्रामीण मतदारसंघाने पुढे पंधरा वर्षांनी एका स्त्रीस निवडून दिले, ही आम्हांस लहान गोष्ट वाटत नाही. वरणगावाहून फार दूर नसलेल्या नाडगावी 1934 साली जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील 1962 साली जळगावातून विधानसभेत गेल्या. 1967 साली त्यांनी एदलाबाद स्वीकारले आणि 1972, 1978 व 1980 धरून तेथून लागोपाठ चार वेळा त्या विजयी झाल्या. ह्या काळात दुष्काळ आला, आणीबाणी आली, काँग्रेस दुभंगली, सरकारे पडली; मतदाराने माणूस बदलला नाही. 1985 नंतर त्या राज्यसभेत गेल्या आणि 2007 साली राष्ट्रपती झाल्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्याच स्त्री होत.

दुसरे पर्व 1990 साली सुरू झाले. मताचे वय एकवीसवरून अठरावर आल्यानंतर महाराष्ट्र विधानसभेची ही पहिलीच निवडणूक. तीत भारतीय जनता पक्षाचे एकनाथ खडसे एदलाबादेतून निवडून आले, आणि 1995, 1999, 2004, 2009 व 2014 अशा पुढील पाचही निवडणुका त्यांनी जिंकल्या. 1995 च्या युती सरकारात ते मंत्री झाले. 2009 पासून पाच वर्षे विरोधी पक्षनेते होते. 2014 साली महसूलमंत्री झाले. येथे एक योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. प्रतिभाताईही 1979 साली विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. एकाच आडवळणी मतदारसंघाने दोन निरनिराळ्या पक्षांचे दोन विरोधी पक्षनेते राज्यास द्यावेत, हे क्वचितच घडते.

जातीच्या गणिताने सारे सुटते असे म्हणणाऱ्यांस हा मतदारसंघ थोडा अवघड जाईल. दोघांचे समाज वेगळे, पक्ष वेगळे. तरी बहुतांशी त्याच गावांनी एकास चार वेळा आणि दुसऱ्यास सहा वेळा कौल दिला. जातीचे वजन मतात नसते असे आम्ही म्हणत नाही. परंतु आपल्या कामाला येणारा आणि मुंबईत ज्याच्या शब्दाला किंमत आहे असा माणूस, ही खेड्यातील मतदाराची कसोटी जातीहून जुनी आणि पक्षाहून चिवट दिसते.

ह्या निष्ठेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ह्या दोन्ही दीर्घ कारकिर्दींपैकी एकीचाही शेवट मतदाराने केला नाही. प्रतिभाताई आपण होऊन दिल्लीस गेल्या. खडसे ह्यांनी 2016 साली मंत्रिपद सोडले, आणि 2019 साली पक्षाने त्यांस उमेदवारीच नाकारून त्यांच्या कन्या रोहिणी खडसे ह्यांस उभे केले. कोणी उभे राहावे हा निर्णय मुंबईत झाला. मुक्ताईनगराने केवळ त्यावर मत द्यायचे होते. ते मत असे पडले की अपक्ष चंद्रकांत पाटील 1,957 मतांनी निवडून आले. ह्याच पाटलांनी 2014 साली शिवसेनेकडून खडसे ह्यांच्याशी सामना देऊन दहा हजारांहून कमी मतांनी हार खाल्ली होती. 2019 साली राष्ट्रवादी काँग्रेसने पाटलांस पाठिंबा दिला, आणि वर्षभरात खडसे स्वतःच त्या पक्षात गेले. 2024 साली पाटील शिवसेनेकडून, रोहिणीताई शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून, असा सामना पुन्हा झाला आणि पाटलांचे मताधिक्य वीस हजारांवर गेले.

ह्यातून काय घ्यावे? बापाचे मत मुलीस वारशाने मिळत नाही, असा सोपा निष्कर्ष काढता येईल. पण 1,957 मतांच्या अंतरावर एवढे मोठे तत्त्व उभारणे धाडसाचे होईल. जवळजवळ निम्म्या मतदारांनी तो वारसा मानलाच होता. आमच्या मते खरा बदल निराळा आहे. सुमारे पन्नास वर्षांत प्रथमच येथे निकालाची खात्री उरली नाही, आणि खात्री उरली नाही तेव्हाच प्रत्येक मताची किंमत वाढली.

शेजारच्या भुसावळाकडे पाहिले म्हणजे हे अधिक उमगते. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर भुसावळ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. तेथून 2009 साली संजय सावकारे राष्ट्रवादीतर्फे निवडून आले; पुढे पक्ष बदलून 2014, 2019 व 2024 साली भारतीय जनता पक्षातर्फे आले. म्हणजे एका मतदारसंघात पक्ष बदलला तरी माणूस टिकला, आणि शेजारी माणूस हलताच पक्षाची जागा गेली. दोहोंत मतदाराने चिन्हापेक्षा माणूसच पाहिला.

माणूस पाहून मत देणे हा खेड्याचा गुण आहे. कारण जो ओळखीचा आहे त्यास जाब विचारता येतो. पण ओळख तीस वर्षांची झाली म्हणजे जाब विचारण्याची सवय सुटते, आणि मत हे उपकाराची फेड होऊन बसते. ही सवय राखणे हेच लोकशाहीतील कठीण काम होय. फैजपुरास गाड्या जोडून गेलेल्या पिढीजवळ आवाज होता, मत नव्हते. त्यांच्या नातवंडांजवळ मत आहे. पाच वर्षांतून एकदा ते टाकल्यावर मधल्या दिवसांतही त्यांचा आवाज टिकतो काय, ह्यावर तापी-पूर्णेकाठचा पुढचा इतिहास आमदारांचा होईल की मतदारांचा, हे ठरणार आहे.