घर उभे राहताना

गेल्या चैत्रात आंबेगाव तालुक्यातील लोणी येथे आमच्या नव्या घराची चौकट बसली. चौकटीला आंब्याची डहाळी बांधली, नारळ फोडला, मिस्त्रींना टोपी-टॉवेल दिला आणि भिंती नसलेल्या घराला दार मिळाले. अठरा-वीस वर्षे पुण्यात मराठी साहित्य शिकवल्यानंतर, आजोबांनी पोटासाठी सोडलेल्या गावी राहायला जायचे असे आम्ही ठरवले होते. तो निर्णय आता दर रविवारी वीत-दोन वीत वाढलेला दिसू लागला. विटांचे थर मोजणे, ओळंबा धरलेल्या हाताकडे पाहत बसणे हा त्या दिवसांतला आमचा छंदच झाला.

त्याच दिवशी निघताना मिस्त्रींनी विचारले, "सर, स्लॅब वैशाखअखेर टाकायचा ना? पाण्याचं तेवढं बघून ठेवा." स्लॅब टाकल्यावर त्यावर वाफे करून दोन-तीन आठवडे पाणी उभे ठेवावे लागते, एरवी तो तडकतो. लोणीचा परिसर तालुक्याच्या पूर्वेकडचा, अवर्षणाचा. वैशाखात विहिरी तळ दाखवतात. पाणी अर्थातच टँकरने विकत आणता आले असते. पण विकतचे पाणी आभाळातून येत नाही. तेही कुणाच्या तरी विहिरीतूनच उपसलेले असते. शेजारच्या वस्तीवरच्या बाया दोन हंड्यांसाठी थांबलेल्या असताना आमच्या छपरावर तळे साचवायचे का, हा प्रश्न मिस्त्रींनी विचारला नव्हता. पण तो त्यांच्या प्रश्नात होता.

घर बांधले जात असते तेव्हा आपण गावात अजून राहायला आलेलो नसतो. मात्र गावाशी आपला पहिला व्यवहार तेव्हाच सुरू झालेला असतो. कुणाचे हात लागले, साहित्य कुठून आले, पाणी कुणाचे वापरले, हे गाव त्या काही महिन्यांत पाहून ठेवते. शहराकडून खेड्याकडे गेलेल्या माणसांविषयी आपण जे वाचतो ते बहुधा त्यांच्या तिथल्या कार्याविषयी असते. घर उभे राहतानाचा हा मधला काळ चरित्रांत एका वाक्यात संपतो. प्रस्तुत लेखात त्या वाक्यापाशी थोडे थांबावे, असे वाटते.

आमच्या भागाचा इतिहास मुळात उलट दिशेचा आहे. जुन्नर-आंबेगावची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली. याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे बाबू गेनू मुंबईत गिरणी कामगार होते. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी मालाचा ट्रक अडवताना ते हुतात्मा झाले. गावाकडचे घर राखून ठेवायचे आणि शहरातील चाळीत राहायचे, ही इथली रीत. त्यामुळे शहरातून उठून गावी नवे घर बांधणारा माणूस अपवाद ठरतो आणि त्याच्याकडे संशयाने पाहिले जाणेही स्वाभाविक ठरते.

असा एक अपवाद पुण्याच्या वेशीवरच घडला. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. प्लेगच्या दिवसांत शहरात राहणे धोक्याचे झाले, तेव्हा रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथील सहा एकर जागा आणि झोपडी बांधण्यासाठी साडेसातशे रुपये दिले. १९०० मध्ये तिथे झोपडी उभी राहिली. कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. तास संपले की पायी हिंगण्याला जायचे आणि सकाळी पुन्हा महाविद्यालय गाठायचे, हा त्यांचा क्रम होता. विधवांना आसरा देणाऱ्या माणसाला पुणेकरांनी दिलेली वागणूक पाहता, ही वाट केवळ मैलांची नव्हती. हिंगण्याची निवड हौसेची नव्हतीच. शहराने ज्यांना जागा नाकारली त्यांच्यासाठी ती झोपडी होती. आज ते हिंगणे पुण्याच्या पोटात गेले आहे आणि परिसर कर्वेनगर म्हणून ओळखला जातो. खेड्यात गेलेल्या माणसामागून शहर चालत येते, हेही या झोपडीने दाखवून दिले.

या विषयातील सर्वात बोलके उदाहरण वर्ध्याजवळच्या सेगावचे आहे. स्वराज्य मिळेपर्यंत परतणार नाही, असे सांगून गांधीजींनी मार्च १९३० मध्ये साबरमती सोडली होती. १९३४ अखेर अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्यातील मगनवाडी हे त्याचे केंद्र झाले. कार्यकर्त्यांनी खेड्यात जाऊन राहावे, असे गांधीजी सांगत होते आणि स्वतः मात्र वर्ध्यासारख्या बाजारगावी राहत होते. ही विसंगती त्यांनाच टोचू लागली. मीराबेन आधीच सेगावात जाऊन राहिल्या होत्या. मार्च १९३६ मध्ये गांधीजींनी आपल्या तिथल्या राहण्याविषयी जमनालाल बजाज यांना लिहून कळवले. त्यात झोपडीच्या सौंदर्याविषयी काही नाही. खर्च शक्य तितका कमी व्हावा आणि कोणत्याही परिस्थितीत शंभर रुपयांच्या वर जाऊ नये, लागेल ती मदत सेगावातूनच घ्यावी, इतर सहकाऱ्यांनी मगनवाडीतच राहावे, अशा त्या अटी आहेत. आपण खेड्यात जाताना शहर बरोबर नेऊ नये, एवढाच त्यांचा अर्थ.

झोपडी पूर्ण होण्याची वाट न पाहता ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी सेगावला गेले. पुढे प्रकृतीसाठी त्यांना नंदी हिल्सला जावे लागले. इकडे बांधकामाची देखरेख मीराबेन करत होत्या. एका ब्रिटिश ॲडमिरलची ही मुलगी विदर्भाच्या उन्हाळ्यात माती, बांबू आणि कवेलूंचा हिशेब पाहत होती. जूनच्या मध्यास गांधीजी भर पावसात चालत सेगावला परतले आणि नव्या घरात राहू लागले. हेच आदि निवास. एकच मोठी खोली. तिच्यात गांधीजी, कस्तुरबा, कार्यकर्ते, पाहुणे सगळे एकत्र. एकटे राहण्याचा संकल्प असा पहिल्याच पावसाळ्यात संपला. पुढे गांधीजी ज्या झोपडीत राहू लागले आणि जी आज बापूकुटी म्हणून प्रसिद्ध आहे, ती मीराबेननी स्वतःसाठी बांधलेली होती. भिंतीवरच्या मातीच्या उठावात ताडाची झाडे, चरखा आणि ॐ ही त्यांच्या हातची खूण अजून दिसते.

पण गावाचे काय? सेगावची मालगुजारी जमनालालजींची होती. तेव्हा 'गावाने बोलावले' या म्हणण्याला मर्यादा आहेत; मालकाच्या पाहुण्याला कोण नाही म्हणणार? वस्तीत दलित बहुसंख्य होते. गांधीजींनी गावकऱ्यांना आधीच सांगितले की अस्पृश्यता जावी असे मला वाटते, पण मी ती तुमच्यावर लादणार नाही, समजावीन. हे सांगण्याची गरज भासली, यातच गावाचे खरे चित्र आहे. हिवतापाने गाव ग्रासलेले होते आणि त्याच वर्षी गांधीजींनाही त्याने गाठले. १९३९ मध्ये कुष्ठरोग झालेले परचुरेशास्त्री आश्रमात आले, तेव्हा त्यांच्यासाठी जवळच वेगळी कुटी उभारण्यात आली आणि गांधीजी त्यांची शुश्रूषा करू लागले. घर बांधले जाताना कुणासाठी बांधले जाते, याचे उत्तर अशा पुढच्या कुटींतून मिळते. बुलढाण्याच्या शेगावशी टपालात घोटाळा होऊ लागल्याने १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. गाव तेच होते. नाव मात्र पाहुण्याच्या कार्यावरून पडले होते.

त्याच दशकात दुसरे एक घर उभे राहिले, आणि ते आठवल्यावाचून सेवाग्रामविषयी लिहिणे अपुरे ठरते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले ते आपल्या ग्रंथसंग्रहाला जागा हवी म्हणून. हे घर जाणीवपूर्वक शहरातले होते. खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर, हे मत त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत स्पष्टपणे मांडले. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांना गावी परतण्याच्या कल्पनेत काव्य दिसण्याचे कारण नाही. 'गावाकडे चला' असे वर्गात शिकवताना समोरच्या बाकांवर कोण बसले आहे, याचा विचार आम्ही प्राध्यापक मंडळी क्वचित करतो. परतण्यासाठी गावात आजोबांची जमीन असावी लागते. ती मला होती, एवढ्यावरूनच माझ्या घराची पहिली वीट कुठे बसली होती हे कळावे.

आमच्या जवळचे उदाहरण शेजारच्या शिरूर तालुक्यातील पाबळचे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवली, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केले आणि मुदतीपूर्वी निवृत्ती घेऊन १९८३ मध्ये पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेल्या मुलांनी काम करता करता शिकावे, हा त्यामागचा विचार. पाबळ कोरडवाहू आहे म्हणूनच ते निवडले गेले. इथे जे जमेल ते इतरत्रही जमेल. आश्रमाची ओळख ठरलेले त्रिकोणी सांगाड्याचे घुमट याच शिकण्याचा भाग होते. मोजमाप काढणे, लोखंड कापणे, जोडणे, सिमेंट लावणे, हे सारे विद्यार्थ्यांच्या हाताखालून जाई. कलबाग २००३ मध्ये गेले. आश्रम चालू आहे. सेगावात मदत गावातून घ्यायची अट होती. पाबळला त्यापुढचे पाऊल पडले. इमारत पुरी होईपर्यंत बांधणारा काहीतरी शिकलेला असावा, अशी ती अट झाली.

येथवर पाहिलेल्या माणसांनी जाणे निवडले होते. परंतु आमच्याच तालुक्याच्या पश्चिमेस, मुसळधार पावसाच्या पट्ट्यात, ज्यांना निवड नव्हती त्यांची घरे आहेत. घोड नदीवरील डिंभे धरणात, तालुक्याला ज्याचे नाव आहे ते आंबेगावच बुडाले. त्या जलाशयाला बाबू गेनूंचे नाव आहे. ३० जुलै २०१४ रोजी डोंगराचा कडा कोसळून माळीण गाव गाडले गेले आणि सुमारे दीडशे माणसे मृत्युमुखी पडली. वाचलेली कुटुंबे जवळजवळ तीन वर्षे पत्र्याच्या निवाऱ्यांत राहिली आणि आमडे येथे आपले नवे गाव उभे राहताना पाहत राहिली. २ एप्रिल २०१७ रोजी साठाहून अधिक घरे त्यांच्या स्वाधीन झाली. त्याच जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात नव्या वसाहतीतील भराव खचला, रस्त्यांना तडे गेले आणि माणसे पुन्हा धास्तावली. आम्ही रविवारी जाऊन विटांचे थर मोजत होतो ते कौतुकाने. त्यांनी भिंतींकडे पाहिले असेल ते त्या टिकतील का, या एकाच प्रश्नाने. घर उभे राहताना पाहणे हा ज्यांना आनंद वाटतो, त्यांच्या पायाखालची जमीन आधी कधी सरकलेली नसते.

हे सारे वैशाखातील त्या एका प्रश्नासाठी आठवले. पुढच्या रविवारी मिस्त्रींना सांगितले की भिंती पूर्ण करून ठेवू, स्लॅब पावसाळ्यानंतर टाकू. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमचं भाडं वाढंल की सर तिकडं." वाढले. पुण्याच्या घरमालकाला आणखी पाच महिन्यांचे भाडे द्यावे लागले, मुलीच्या शाळेचे वेळापत्रक चुकले, आणि 'गाव तुम्हाला मानवत नाही असे दिसते' हे सहकाऱ्यांचे शेरे ऐकावे लागले. मिस्त्रींचीही त्या महिन्यातली मजुरी बुडाली. त्यांना दुसरे काम मिळेपर्यंत जी ओढ बसली तिचा भार आमच्या तात्त्विक निर्णयाने त्यांच्यावर टाकला होता, हे मला नंतर त्यांच्याच तोंडून कळले. मग त्यांना थोडी उचल दिली. ती आधीच द्यायला हवी होती.

भाद्रपदात ओढा वाहू लागला, विहीर निम्मी भरली आणि स्लॅब पडला. वाफ्यांत पाणी निम्मे पावसाने भरले, निम्मे आम्ही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वस्तीवरच्या आजी जिन्याच्या कच्च्या पायऱ्या चढून वर आल्या, साचलेल्या पाण्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "आता मारा खुशाल." तोवर त्या आमच्या जोत्यावर कधी चढल्या नव्हत्या.