वरची दाढ, आबाजींचे डोळे आणि १९४८ सालची नोंदवही

आजचा विषय दाताचा आहे. दात काढायचा असेल तर कोणाकडे जायचं, एवढाच प्रश्न. पण हा प्रश्न किती जुना आहे, ते मला आमच्या आबाजींमुळे कळलं.

आम्ही नरखेड तालुक्यातले. घरी संत्र्याची बाग. मृग बहाराची तोडणी सुरू होती आणि आबाजींची वरची दाढ ठणकत होती. लवंग झाली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी झाली. गाल सुजला तरी माणूस डॉक्टरकडे जायला तयार नाही. मी म्हटलं, "आबाजी, चला न, काढून टाकू." तर म्हणाले, "खालची असती तं काढली असती बापा. वरचा दात काढला का डोये जाते."

मी हसलो. तुमच्याही घरी कोणीतरी हे म्हटलं असेल आणि तुम्हीही हसला असाल. पण नंतर वाचायला बसलो तेव्हा हसू गेलं. कारण ही गोष्ट आबाजींनी मनानं काढलेली नव्हती. सुश्रुतसंहितेत, म्हणजे किमान दीड हजार वर्षं जुन्या ग्रंथात, चिकित्सास्थानात दातांच्या उपचारांचा भाग आहे. तिथं वैद्याला बजावलंय की वरचा दात हलत असला तरी उपटू नये. कारणही दिलंय. रक्त फार जातं, आणि त्यातून डोळा जाऊ शकतो किंवा तोंड वाकडं होऊ शकतं.

म्हणजे ही अंधश्रद्धा म्हणून सुरू झाली नाही. तो एका शल्यवैद्याचा इशारा होता. त्या काळी सुन्न करायचं इंजेक्शन नव्हतं, एक्स-रे नव्हता, पू झाला तर अँटिबायोटिक नव्हतं. अशा वेळी 'हात लावू नका' हाच शहाणा सल्ला होता. काळ बदलला, सल्ला मात्र घराघरात तसाच राहिला.

आज आपल्याला काय माहीत आहे? नजरेची नस दातातून जात नाही. दात काढल्यानं डोळे जात नाहीत. पण वरच्या दाढांची मुळं गालाच्या हाडातल्या पोकळीला, म्हणजे सायनसला, अगदी लागून असतात. त्या पोकळीच्या वर डोळा. सडलेल्या दाढेचा पू वर चढला तर क्वचित डोळ्यापर्यंत पोचू शकतो. म्हणजे बघा, आबाजी डोळ्यांच्या भीतीनं दाढ ठेवत होते, आणि खरा धोका ती ठेवण्यातच होता.

आता दुसरी गोष्ट. दात काढायचा कोण?

युरोपात कित्येक शतकं हे काम न्हाव्यांकडे होतं. दाढी, गळू फोडणं आणि दात उपटणं एकाच दुकानात. आपल्याकडेही गावात ज्याच्या हाताला सराव आणि ज्याच्याकडे चिमटा, तो हे काम करायचा. बाजारात चादर अंथरून बसणारेही होते. लोक निवड कशी करायचे? कोणाचा हात जोरात आहे आणि कोण लवकर मोकळं करतो, एवढ्यावर. भूलच नव्हती, तर वेग हीच दया.

हे बदललं ते एका दंतवैद्यामुळे. अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावात होरेस वेल्स नावाचा दंतवैद्य होता. ११ डिसेंबर १८४४ ला त्यानं नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, हुंगला आणि स्वतःचीच दाढ सहकाऱ्याकडून काढून घेतली. दुखलं नाही. दोन वर्षांनी, १८४६ मध्ये, विल्यम मॉर्टननं बोस्टनला ऑपरेशनसाठी ईथरची भूल देऊन दाखवली. तोही दंतवैद्यच. म्हणजे आज ऑपरेशनच्या आधी आपल्याला जी भूल देतात, तिच्या सुरुवातीला दात काढणारेच उभे आहेत. मग १८९५ च्या शेवटी राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि १८९६ च्या जानेवारीतच जर्मनीत ऑटो वॉकहॉफनं स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला. त्यासाठी तो तब्बल २५ मिनिटं थांबला होता. आज तेच काम क्षणात होतं.

आणि मग येतं १९४८. त्या एका सालात दोन गोष्टी झाल्या. स्वीडनमध्ये लिडोकेन बाजारात आलं. आज दाताआधी सुन्न करायला देतात ते इंजेक्शन बहुतेक वेळा हेच. आणि आपल्या देशात दंतवैद्य कायदा झाला.

हा कायदा मला फार आवडला, कारण त्यात जमिनीवरचं भान आहे. नोंदवहीचे दोन भाग केले. 'अ' भागात मान्य पदवी असलेले. 'ब' भागात पदवी नसलेले, पण किमान पाच वर्षं याच कामावर पोट भरलेले. म्हणजे जुन्या सरावाच्या लोकांना एकदम रस्त्यावर काढलं नाही, त्यांनाही नोंद करायची वाट दिली. पण पुढे नोंद नसलेल्यानं हे काम करायचं नाही, हेही ठरवलं. 'हात कोणाचा जोरात' या प्रश्नाच्या जागी 'नाव वहीत आहे का' हा प्रश्न आला. २०२३ साली संसदेनं या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा मंजूर केला. तरी नोंदणीचा मुद्दा कायमच आहे.

आपल्या भागापुरतं बोलायचं तर मोठं वळण १९६८ चं. त्या वर्षी नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय सुरू झालं, मेडिकलच्या आवारात. नरखेडवरून रेल्वेनं काटोल, कळमेश्वर करत नागपूर गाठता येतं. शिकलेले डॉक्टर तिथून बाहेर पडू लागले आणि हळूहळू तालुक्याच्या गावांतही दाताच्या दवाखान्यांच्या पाट्या दिसू लागल्या.

आता परत आबाजींकडे. मी जबरदस्तीनं बाजाराच्या दिवशी त्यांना घेऊन निघालो. वाटेत एकानं तोंडात बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "बसा, पाच मिनिटात काढतो." काही विचारलं नाही. पाटीवर पदवी नव्हती, नंबर नव्हता. आबाजी बसायलाही लागले होते, कारण तो स्वस्त आणि लवकर. मी हात धरून उठवलं.

दुसरीकडे तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी आधी विचारलं, "आबाजी, बीपी, शुगर आहे का? रोज कोणती गोळी घेता?" आबाजी हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी घेतात, हे मीही विसरलो होतो! मॅडमनी बजावलं की ती गोळी मनानं बंद करायची नाही, हृदयाच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवू. मग एक्स-रे. दाढेची मुळं वाकडी, सायनसला लागून. त्यात आबाजींचा खर्रा. वर्षानुवर्षं खाऊन गाल आतून कडक झालेला, तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "मी ही काढणार नाही. नागपूरला सर्जनकडे जा, चिठ्ठी देते."

आबाजी बाहेर येऊन चिडले. "इले जमत नाही वाटते." पण मला तिथंच कळलं की आपण योग्य ठिकाणी आलो होतो. पाच मिनिटात काढतो म्हणणाऱ्यानं रक्ताच्या गोळीचं विचारलंच नव्हतं. सुश्रुतानं ज्या रक्ताची भीती घातली, ती खरी ठरायला तिथं जागा होती.

नागपूरला दाढ निघाली. टाके पडले, कापूस दाबून धरला, रक्त थांबलं. डोळे शाबूत आहेत. दाढेआधीही चष्मा होता, आताही आहे.

तर तुमच्यासाठी एवढंच. बीडीएस म्हणजे दंतवैद्याची मूळ पदवी. साधा दात ते नीट काढतात. अक्कलदाढ आडवी अडकली असेल, मुळं वाकडी असतील, खर्ऱ्यामुळे तोंड उघडत नसेल, किंवा मोठा आजार असेल, तर एमडीएस झालेले तोंडाचे सर्जन बघा. भिंतीवर राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक शोधा. दिसला नाही तर विचारा, लाजू नका. अवजारं तुमच्यासमोर बंद पाकिटातून निघतात का, ते बघा. आणि डॉक्टर आधी तुमच्या गोळ्या विचारतात की आधी पक्कड उचलतात, हे नक्की बघा.

आणि घरचे म्हातारे 'डोये जाते' म्हणाले तर हसू नका. सांगा, की भीती खरी होती, फक्त फार जुनी झाली. मग त्यांना सोबत घेऊन जा. सूज वर चढायच्या आत.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि तो खर्रा सोडा बरं का!