रोहिणखेडचा गोपनीय अहवाल

माणसाविषयीचं आपलं खरं मत त्याच्या पाठीमागे द्यायचं, ही आपल्याकडची फार जुनी आणि सभ्य चाल आहे. तोंडावर "वा, वा, छान!" आणि तो जिना उतरून गेला की मग सविस्तर अभिप्राय. सरकारी कचेऱ्यांनी यात नवं काही केलं नाही. त्यांनी या चालीला फक्त छापील फॉर्म दिला आणि त्याचं नाव ठेवलं 'गोपनीय अहवाल'. वर्षभर आपल्याच डब्यातलं लोणचं खाणाऱ्या साहेबानं मार्चअखेर आपल्याविषयी काय लिहिलं, हे आपल्याला कळायचं नाही. कळायचं ते फक्त वाईट असलं तर. त्याला 'प्रतिकूल शेरा' म्हणत, आणि तो सही-पोच घेऊन हाती पडे. चांगलं लिहिलेलं असलं तर मात्र ते गुप्त राही. कौतुकानं माणूस बिघडतो आणि निंदेनं सुधारतो, अशी काहीतरी त्यामागे समजूत असावी.

मी या फॉर्मच्या दोन्ही बाजूंना बसलो आहे. आधी माझ्यावर लिहिलं गेलं, मग मी इतरांवर लिहिलं. एका साहेबांनी माझ्याबद्दल 'बरा आहे' असं लिहिलं होतं, हे मला माझ्या निरोपसमारंभात, चहा पिता पिता, त्यांच्याच तोंडून कळलं. त्या दोन शब्दांवरून सुधारायला माझ्या हातात तेव्हा साधारण चहा निवेपर्यंतचा वेळ होता.

या सगळ्याचा रोहिणखेडशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध आहे. नोकरीनिमित्त मी काही वर्षं बुलढाण्याला होतो. तिथलं पठार संपून घाट खाली उतरला की मोताळा तालुक्यात हे गाव लागतं. खुदावंदखान महदवीनं 1582 साली बांधलेली एक लहानशी पण देखणी मशीद तिथं आहे. आणि एवढ्याशा गावाच्या नावावर इतिहासात दोन लढाया आहेत. दुसरी सोळाव्या शतकाच्या अखेरची. तिच्यात बुऱ्हाण निजामशहा हा आपल्याच पोराच्या गादीवर चालून आला होता, तेव्हा तो घरगुती मामला म्हणून सोडून देऊ. पहिली 1437 ची. सुरुवात तिचीही घरगुतीच, पण पुढे तिच्यात कचेरी शिरली.

झालं असं. अलाउद्दीन अहमदशहा हा बहमनी सुलतान 1436 मध्ये बीदरच्या गादीवर आला. त्याची बेगम खानदेशच्या नसीरखान फारुकीची मुलगी. थोड्याच दिवसांत कोकणातून संगमेश्वरच्या राजाची मुलगी बीदरला आणली गेली, सुलतानाचं चित्त तिकडे लागलं, आणि बेगमसाहेबांचा महाल ओस पडला. त्यांनी तक्रार केली, पण ती नवऱ्याकडे नाही, वडिलांकडे. नवऱ्याला सांगून उपयोग नसतो, हे ज्ञान पंधराव्या शतकातही होतं. पत्र खानदेशात पोचलं आणि सासरेबुवा फौज घेऊन वऱ्हाडात उतरले. वऱ्हाडातले बरेच सरदार त्यांना जाऊन मिळाले. जो सुभेदार मिळाला नाही, तो नरनाळ्याच्या किल्ल्यात जाऊन बसला.

बीदरला मसलत बसली. आपल्या मीटिंगा होतात तशीच. दख्खनी सरदार म्हणाले, प्रकरण मोठं आहे, नसीरखानाच्या मागे गुजरात आणि माळवा असण्याचा संभव आहे, तेव्हा हुजुरांनी जातीनं जावं. म्हणजे आम्ही जात नाही. त्यावर दौलताबादचा सुभेदार खलफ हसन बसरी उठला. हा मूळचा बसऱ्याचा व्यापारी. सुलतानाच्या बापाला 1422 मध्ये गादी मिळवून देण्यात त्याचा हात होता, आणि त्याबद्दल त्याला 'मलिक-उत-तुज्जार', म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, असा किताब मिळाला होता. तो म्हणाला, मी जातो. पण माझ्याबरोबर फक्त परदेशी स्वार द्या, दख्खनी नकोत. मागे माहीमच्या मोहिमेत गुजरातच्या फौजेपुढे आपण हरलो, ते या मंडळींच्या मत्सरामुळे.

भर दरबारात, त्या मंडळींच्या देखत! सरळ बोलणं म्हणतात ते हे. पण मला त्यात नेहमी एक गोष्ट खटकते. माहीमला सेनापती कोण होता? खलफ हसनच होता. म्हणजे भाषण परखड होतं, धाडसाचं होतं, बहुधा बरंचसं खरंही होतं. फक्त त्यात बोलणाऱ्याच्या वाट्याचा एकही शब्द नव्हता. आमच्या कचेरीत दर महिन्याच्या आढावा बैठकीत असली परखड भाषणं होत. वसुली शाखा म्हणे, आस्थापना शाखेमुळे; आस्थापना म्हणे, लेखा शाखेमुळे; आणि लेखा शाखेचा माणूस त्या दिवशी रजेवर असे.

आणि इथं सांगून ठेवलं पाहिजे, की ही हकिकत आपल्याला मुख्यतः फेरिश्ता सांगतो. तो दीड शतकानंतर लिहितो, आणि त्याचा ओढा स्पष्टच परदेशी पक्षाकडे आहे. दख्खनी सरदारांची बाजू आपल्याला त्यांच्या विरोधकाच्या तोंडूनच ऐकावी लागते. म्हणजे हाही एक गोपनीय अहवालच. संबंधिताची सही नसलेला.

सुलतानानं खलफ हसनची मागणी मान्य केली. खलफ हसन निघाला. नरनाळ्याचा सुभेदार बाहेर पडून त्याला मेहकरला येऊन भेटला. मग रोहिणखेडला घाटाखाली खलफ हसननं नसीरखानाला असं गाठलं की सासरेबुवा थेट बुऱ्हाणपूरकडे पळाले. याने पाठलाग करून बुऱ्हाणपूर लुटलं, तिथून लळिंगपर्यंत जाऊन त्यांना पुन्हा हरवलं. नसीरखान त्याच वर्षी वारला. खलफ हसन हत्ती आणि लूट घेऊन बीदरला परतला, तेव्हा शहजादा त्याला सामोरा गेला.

इथपर्यंत सगळं उत्तम. वरिष्ठानं हाताखालच्याचं ऐकलं आणि फत्ते झाली. व्यवस्थापनाच्या शिबिरात ही गोष्ट इथंच थांबवतील आणि चहा देतील. पण सुलतानानं पुढे एक हुकूम काढला: यापुढे दरबारात परदेशी सरदार उजव्या हाताला बसतील, दख्खनी डाव्या हाताला.

काय केलं पाहा. 'माहीमला काय चुकलं?' हा प्रश्न होता. त्याचं उत्तर शोधायला दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून विचारायला हवं होतं. सुलतानानं दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवलं खरं, पण विचारलं काहीच नाही. दख्खनी सरदारांना आपल्यावरचा ठपका कळला तो नुसता खुर्चीच्या जागेवरून. खुर्ची हलली की माणसाला काय वाटतं, हे ज्यानं कचेरीत खिडकीजवळचं टेबल गमावलं आहे त्यालाच विचारावं.

दहा वर्षांनी त्याचं व्याज भरावं लागलं. 1447 च्या सुमारास खलफ हसन कोकणच्या मोहिमेवर गेला, विशाळगडाच्या वाटेवरच्या रानात शिर्के-मोऱ्यांच्या कचाट्यात सापडला आणि मारला गेला. दख्खनी तुकड्या मागेच राहिल्या होत्या. वाचलेले परदेशी चाकणच्या गढीत आले आणि म्हणू लागले, की आता हुजुरांना सगळं कळवतो. ते कळवायच्या आत दख्खनी सरदारांची पत्रं बीदरला पोचली: चूक खलफ हसनची, आणि हे उरलेले आता फितूर होणार आहेत. सुलतान त्या वेळी मद्यधुंद होता. त्यानं तशाच अवस्थेत हुकूम सोडला. चाकणहून परदेश्यांनी पाठवलेली पत्रं दरबारातल्या अधिकाऱ्यानं मध्येच अडकवली. शेवटी अभयाचं वचन देऊन, जेवायला बोलावून, त्या लोकांची कत्तल झाली. कासीमबेग नावाचा एक सरदार निसटून बीदरला पोचला, तेव्हा कुठे सुलतानाला खरं काय ते समजलं, आणि पत्रं दाबणाऱ्याचं डोकं उडालं. या भागावर विनोद करायला माझी लेखणी तयार होत नाही.

कागद मध्ये अडकणं ही आपल्याकडची मोठी परंपरा आहे. सीमा सडक संघटनेतल्या एका अभियंत्याच्या अहवालात एका वर्षी 'चांगला' असा शेरा होता. बढतीसाठी 'फार चांगला' लागत होता. पण 'चांगला' हा काही वाईट शेरा नव्हे, म्हणून नियमाप्रमाणे तो त्याला कळवलाच नव्हता! म्हणजे चांगलेपणामुळे त्याची बढती हुकली आणि चांगलेपणामुळेच त्याला ते समजलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2008 साली न्यायालयानं निकाल दिला, की प्रत्येक नोंद, बरी असो वाईट असो, संबंधिताला कळवलीच पाहिजे. बीदर सोडून बरेच दिवस झाले होते, पण उशिरा का होईना!

याच्या उलटही मी पाहिलं आहे. आमचे एक साहेब फार तापट. एकदा दौऱ्यावरून परतताना त्यांचा शिपाई, वऱ्हाडातला जुना माणूस, जीपमध्ये त्यांना शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमी रागावता हे समजते. पण काऊन रागावता, हे समजत नाही." साहेब दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवसापासून रागावले की आधी कारण सांगू लागले. राग तेवढाच राहिला, पण फायली निम्म्या वेळात दुरुस्त होऊन येऊ लागल्या. कारण सांगता सांगता कधी कधी त्यांच्या लक्षात यायचं, की रागवायला कारणच नाही. मग ते खिडकीबाहेर पाहात.

सुलतानालाही असा एक शिपाई भेटला. फक्त तो फार लांब होता. शेख आजरी नावाचा कवी पूर्वी बीदरच्या दरबारी होता, तो खुरासानला परतला होता. 1451 मध्ये त्यानं तिथून पत्र लिहिलं, की दारू सोडा. सुलतानानं सोडली, आणि स्वतःच्या हातानं उत्तर लिहिलं. राज्यात दारूबंदी होतीच. ती आता राजवाड्यातही लागू झाली. बीदरमध्ये वीस पावलांवर वजीर, काजी, हकीम होते, सुलतानानंच बांधलेला दवाखाना होता, आणि हे एक वाक्य यायला खुरासानहून यावं लागलं!

शेवटची गोष्ट घोडेवाल्याची. सुलतान कधी कधी मशिदीत स्वतः खुतबा वाचे, आणि त्यात स्वतःची बिरुदं सांगे: न्यायी, दयाळू, क्षमाशील, उदार. एके दिवशी एक अरब व्यापारी बसला होता. त्यानं दरबाराला घोडे विकले होते आणि अधिकारी त्याचे पैसे लटकवत होते. बिरुदं ऐकून तो ताडकन उठला आणि सर्वांसमक्ष ओरडला, की तू न्यायी नाहीस आणि दयाळूही नाहीस. पैगंबराच्या वंशजांची कत्तल करवणारा तू, आणि ही बिरुदं लावतोस? चाकणला मेलेल्यांत सय्यद पुष्कळ होते.

मशिदीत काय शांतता पसरली असेल! सुलतान रडला. ज्यांनी माझं नाव असं बद्दू केलं ते देवाच्या कोपातून सुटणार नाहीत, असं म्हणाला, म्हणजे त्या क्षणीही चूक हाताखालच्यांचीच. मग तो राजवाड्यात गेला आणि 1458 मध्ये त्याचं प्रेत निघेपर्यंत बाहेर आला नाही, असं फेरिश्ता सांगतो. बावीस वर्षांच्या कारकिर्दीत तोंडावर मिळालेला तो बहुधा एकुलता एक अहवाल. घोड्यांचे पैसे मात्र व्यापाऱ्याला ताबडतोब चुकते करण्यात आले.