परमुलखातला जामीन



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. मी आज एका साध्या कागदाचा इतिहास सांगणार आहे. तो कागद असला म्हणजे तुरुंगाचे दार उघडते, नसला म्हणजे बंद राहते. मी कॉलेजाची पायरी चढलेला माणूस नाही. हा विषय मी शिकलो तो कोर्टाच्या व्हरांड्यात, कामगारांच्या नातेवाइकांबरोबर ताटकळत बसून.

काही वर्षांपूर्वी कळंब तालुक्यातला एक ऊसतोड कामगार दूरच्या जिल्ह्यात मारामारीच्या आरोपावरून अटकेत पडला. कोर्टाने जामीन मंजूर केला. बायकोला वाटले, धनी सुटला. पण जामीन मंजूर होणे वेगळे आणि माणूस सुटणे वेगळे! थोरला भाऊ दोन एकरांचा सातबारा घेऊन गेला, तर उत्तर मिळाले, ‘जामीनदार इथलाच पाहिजे.’ ज्या गावाच्या शिवेवर चार महिने कोपीत काढले, तिथे ओळख कोणाशी असणार? फड संपला, टोळी परत आली. हा मात्र आतच राहिला.

हा ‘इथला’ शब्द कोठून आला, ते पाहू. जामीन ही आपल्याकडे इंग्रजांनी आणलेली वस्तू नव्हे. मराठी अमदानीत हाजिरजामीन आणि मालजामीन असा भेद होता. पहिला माणसाला हजर करण्याची हमी घेई, दुसरा पैशाची. गाव लहान, माणूस माणसाला ओळखणारा. तेव्हा जामीनदार शेजारचा असणे स्वाभाविकच होते. पुढे इंग्रजी कायदा आला. ओळखीची जागा ऐपतीने घेतली, पण शेजाराची अट मनातून गेली नाही. आजही आरोपी स्वतः जातमुचलका लिहून देतो आणि जामीनदार सातबारा, घरपट्टीची पावती किंवा ऐपतीचा दाखला दाखवतो. जामीनदाराला रक्कम त्या वेळी भरावी लागत नाही. आरोपी तारखेला आला नाही, तर त्याच्याकडून ती वसूल होऊ शकते. हे ठाऊक नसल्याने कित्येक घरांनी भाडोत्री जामीनदारापायी दागिने गहाण टाकले आहेत.

आता कामगार चळवळीचा एक प्रसंग सांगतो. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सुमारे सहा महिने संप चालला. पुढच्या वर्षी, २० मार्च १९२९ रोजी, देशभर कामगार पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि खटला भरला तो शेकडो मैल दूर मीरतला. मुंबईत ज्यूरी बसली असती. मीरतला तो अडथळा नव्हता. डांगे, मिरजकर, जोगळेकर, घाटे, निंबकर यांच्याबरोबर आळवे आणि कासले हे गिरणी कामगारही आरोपी होते. लेस्टर हचिन्सन नावाचा एक तरुण इंग्रज पत्रकारही मागाहून त्यांत ओढला गेला. त्याच्या जामिनासंबंधी १९३१ साली अलाहाबाद हायकोर्टाने असे मत दिले की, जामीन देणे हा नियम आणि नाकारणे हा अपवाद. बाहेर असलेला माणूस आपला बचाव अधिक नीट करू शकतो. ऑगस्ट १९३३ मध्ये त्याच हायकोर्टाने हचिन्सन, आळवे आणि कासले यांना निर्दोष ठरवले. निर्दोष ठरायला चार वर्षे लागली! निकालाआधीचा तुरुंग ही किती महाग गोष्ट आहे, हे यावरून ध्यानात यावे.

स्वराज्यात तरी चित्र बदलले का? १९७८ साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण सुप्रीम कोर्टापुढे आले. दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि भावाची हमी नाकारली होती. कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात! न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही अट मोडीत काढून त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडण्यास सांगितले. पुढल्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणाने बिहारच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या गरीब कच्च्या कैद्यांकडे देशाचे लक्ष वेधले. ३१ जानेवारी २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाला पुन्हा सांगावे लागले की, स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका लांबते, तेव्हा तशी अट घालू नये. पंचेचाळीस वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागते, याचा अर्थ श्रोत्यांनीच लावावा.

‘परका’ म्हणजे तरी कोण? १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि शेजारची बार्शी इंग्रजी मुलखात. इथला माणूस बार्शीला गेला, की दुसऱ्या राज्यात जाई. सरहद्द पुसली गेली आणि परका आपला झाला. उलट आसामात कित्येक जन्मांचे शेजारी एका निकालाने परदेशी ठरतात. त्यांच्यापैकी तीन वर्षे कोठडीत काढलेल्यांना एकेक लाखाच्या दोन भारतीय जामीनदारांवर सोडावे, असे सुप्रीम कोर्टाने २०१९ साली म्हटले. गरिबाला लाखाचा जामीनदार कोठून मिळणार? एप्रिल २०२० मध्ये, महामारीच्या काळात, मुदत दोन वर्षांवर आणि रक्कम पाच हजारांवर आली. रक्कम खाली आली, पण ‘तुझ्यासाठी उभा राहणारा इथला कोण?’ हा प्रश्न उरलाच.

कळंबचा तो गडी अखेर सुटला. तिथल्या एका चहावाल्याने सही केली. त्याचे ना नाते, ना गोते. रोज सकाळी याला चहा दिला होता, एवढीच ओळख. कायद्याला घराचा उतारा लागतो, तो त्याने दिला. परंतु उतारा पुष्कळांजवळ असतो. आपल्या गावी ऊस तोडायला, रस्ता खणायला, भट्टीवर राबायला आलेला माणूस उद्या अडकला, तर त्याच्यासाठी सही करणारा या सभागृहात कोणी आहे का, एवढे विचारून मी आपली रजा घेतो.