प्रकाशाची डोक्यातील वाट

अंधाऱ्या खोलीत बॅटरीच्या काचेवर बोटे घट्ट दाबून धरा. ती लाल उजळतात, पण आतली हाडे मात्र दिसत नाहीत. याचे कारण काय? निळा-हिरवा प्रकाश रक्तात शोषला जातो. तांबडा पलीकडे येतो, पण सरळ येत नाही. ठिकठिकाणी विखुरत, वाट बदलत येतो. म्हणून सावली पुसली जाते.

तांबड्याच्या पुढचा अवरक्त प्रकाश याहून खोल जातो. कवटी न उघडता त्याच्या साहाय्याने मेंदूतील ऑक्सिजनचे बदल टिपता येतात, हे फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये दाखवले. १९८६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील गटाने आजारी नवजात बालकांवर ही पद्धत वापरली. बाळाच्या मेंदूला ऑक्सिजन पुरेसा मिळतो का, हे डॉक्टरांना आकड्यांत हवे होते. अडचण इथेच होती. बिअर-लॅम्बर्टच्या नियमानुसार शोषण हे पदार्थाची संहती आणि प्रकाशाने कापलेले अंतर या दोहोंवर अवलंबून असते. वाटेची लांबी निम्मी धरली, तर ऑक्सिजनमधील बदल दुप्पट येणार! आणि डोक्यातील वाकडीतिकडी वाट पट्टीने कशी मोजायची?

उपाय पत्त्यांच्या डावातून आला होता. १९४६ मध्ये आजारातून उठताना स्टानिस्लाव उलाम एकट्याने पत्ते खेळत. डाव सुटण्याची शक्यता गणिताने काढण्यापेक्षा पुष्कळ डाव खेळून मोजणे सोपे, असे त्यांच्या लक्षात आले. जॉन फॉन नॉयमन यांच्यासह त्यांनी ही युक्ती न्यूट्रॉनांच्या प्रवासाला लावली. तिला नाव पडले मोंटे कार्लो. १९८३ मध्ये विल्सन आणि अ‍ॅडम यांनी ती शरीरातील प्रकाशासाठी वापरली. फोटॉन किती पुढे जाईल, कुठे वळेल, हे संगणक यदृच्छ अंकांनी ठरवतो. असे लक्षावधी फोटॉन सोडले, की सरासरी वाट कळते.

प्रकाशाला लागणारा वेळ प्रत्यक्ष मोजूनही वाट काढता येते. डेव्हिड डेल्पी यांच्या गटाने १९८८ मध्ये संगणकाची गणिते आणि अशी मोजमापे यांची सांगड घातली. प्रौढाच्या डोक्यात ही वाट दिवा आणि ग्राहक यांमधील अंतराच्या सुमारे सहापट भरते, नवजात बालकात सुमारे पाचपट. म्हणजे प्रौढाचा आकडा बाळाला लावून चालत नाही.

पुढे डोके एकजिनसी धरणेही अपुरे ठरले. ओकाडा आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले, की मेंदूभोवतीच्या स्वच्छ द्रवामुळे प्रकाश मुख्यतः वरच्या करड्या थरात राहतो, खोल पांढऱ्या भागात फारसा पोचत नाही. २००२ मध्ये बोआस व सहकाऱ्यांनी माणसाच्या डोक्याची त्रिमितीय रचना संगणकात घेतली. २००९ मध्ये फांग आणि बोआस यांनी चित्रांसाठी बनवलेल्या संगणक-चिपवर हीच गणिते सुमारे ३०० पट वेगाने केली. तरीही त्वचा, हाड, मेंदू यांचे गुणांक प्रयोगानेच मोजावे लागतात. ते चुकले तर उत्तरही चुकते.

वर्गात हे करून पाहता येईल. आलेख कागदाची वरची कड ही त्वचा समजा. कडेजवळच्या एका चौकटीपासून निघा. एक रुपयाचे आणि दोन रुपयांचे अशी दोन नाणी उडवा: दोन्ही छापा तर वर, दोन्ही काटा तर खाली, फक्त रुपयाचा छापा तर डावीकडे, नाहीतर उजवीकडे. कड ओलांडली की फोटॉन बाहेर पडला. प्रत्येकाने पावले, सर्वांत जास्त खोली आणि बाहेर पडण्याची जागा नोंदवावी. साऱ्या वर्गाच्या नोंदी एकत्र केल्यावर विचारा: ग्राहक दिव्यापासून काही सेंटिमीटर दूर का ठेवतात?