चामखीळ, चुना आणि धुण्याचा सोडा

नेहमीप्रमाणे हा ऐकायच्या भागाचा वाचायचा अवतार. यावेळी ना लढाई आहे, ना किल्ला. विषय आहे चामखीळ.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या पट्ट्यात कुणाच्या बोटावर चामखीळ उगवली की सल्ले फुकट मिळतात. कुणी सांगतं रुईचा चीक लाव, कुणी बिब्बा, कुणी आघाड्याची राख, कुणी घोड्याचा केस घट्ट बांध. आणि हमखास एक जण सांगतो, पानाच्या गादीवरून चुना आण, त्यात धुण्याचा सोडा कालव आणि टेकव. प्रत्येकाकडे पुरावाही असतो: “आमच्या आत्याची गेली ना!”

आत्याची गेली हे खरं असतं. प्रश्न हा, की कशाने गेली.

आधी एक घोळ सोडवू. मराठीत दोन वेगळ्या गोष्टींना आपण चामखीळ म्हणतो. मानेवर, काखेत लोंबणारी मऊ, देठाची वाढ ही एक. केसाने आवळली की तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती गळते. दुसरी बोटांवर, गुडघ्यावर, तळपायावर येणारी खरखरीत गाठ, जिला डॉक्टर वार्ट म्हणतात. हिला देठ नसतो, केस बांधणार कुठे? आज बोलतोय ते या दुसरीबद्दल.

आता चुना-सोड्याकडे. हा उपाय कुणा गल्लीतल्या काकांच्या डोक्यातून आलेला नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला अकरावा अध्याय पूर्ण क्षारांवर आहे. पळस, आघाडा, रुई, निवडुंग, केळ अशा झाडांची राख करायची, पाण्यात कालवून पुनःपुन्हा गाळायची, ते पाणी आटवायचं आणि त्यात भाजलेले शंख-शिंपले टाकायचे. रसायनशास्त्रात सांगायचं तर राखेत पोटॅशियम कार्बोनेट, भाजलेल्या शिंपल्यात चुना, आणि दोन्ही मिळून कॉस्टिक पोटॅश. चुन्यात धुण्याचा सोडा घातला की तीच क्रिया होते, फक्त पोटॅशच्या जागी कॉस्टिक सोडा तयार होतो. शहाडला सेंच्युरी रेयॉनमध्ये लाकडाच्या लगद्यापासून धागा काढताना लागतो तो हाच कॉस्टिक सोडा! बोटावर टेकवताना हे आठवलेलं बरं.

हा क्षार कुठे वापरायचा त्या यादीत चर्मकील आणि मशक ही नावं आहेत. आपला ‘चामखीळ’ शब्द या चर्मकीलाचाच. पण मला जास्त आवडतं ते पुढचं. क्षार लावून शंभर मात्रा मोजेपर्यंत थांबायचं आणि मग आंबट पदार्थाने तो शमवायचा. आंबट तर स्वतःच तीक्ष्ण, मग त्याने आग कशी थांबते, अशी शंकाही ग्रंथातच काढलीय आणि उत्तरही दिलंय. वाग्भटाने तर नीट जळल्याची खूण सांगितलीय: जागा पिकल्या जांभळासारखी काळी दिसते. बदलापूरकरांना हा रंग वेगळा समजावून सांगायला नको. म्हणजे प्रमाण, वेळ, उतारा, खूण, सगळं लिहिलेलं होतं. गल्लीत पोचेपर्यंत चुना आणि सोडा तेवढे उरले, मोजणं आणि उतारा गळून पडले. कोड कॉपी केला, एरर हँडलिंग राहिलं.

बिब्बा आणि रुईची गोष्ट अशीच. धोबी ज्या बिब्ब्याने कपड्यावर न जाणारी खूण करायचा, तोच कातडीवर फोड आणतो. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतो, त्या रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. ठाण्याला सिव्हिल सर्जन राहिलेले कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी १८९०च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबई भागातल्या विषारी वनस्पतींवर लेखमाला लिहिली. पुढे १९१८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, बी. डी. बसूंसोबतचा भारतीय औषधी वनस्पतींचा मोठा ग्रंथ आला. विष आणि औषध दोन्हींचा अभ्यासक एकच, याचं मला अजिबात नवल वाटत नाही.

मग आली जंतुनाशकं. १८६७ मध्ये लिस्टरने कार्बोलिक ॲसिडने जखमा धुतल्याचे निकाल छापले आणि जंतू मारले की रोग गेला, ही कल्पना घरोघर पोचली. चामखिळीवर आयोडीन, स्पिरिट लावायची सवय त्याच विचारातली. पण हा जंतू वेगळा निघाला. १९०७ मध्ये इटलीतल्या चुफो यांनी चामखिळीचा अर्क जिवाणू अडवणाऱ्या फिल्टरमधून गाळला, तरी त्याने चामखीळ उठली. म्हणजे विषाणू. तो कातडीच्या पेशींच्या आत बसतो, त्याला चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे वरून स्पिरिट चोळून त्याचं फारसं बिघडत नाही.

गंमत सॅलिसिलिक ॲसिडची. १८७४ च्या सुमारास कोल्बे यांनी ते जंतुनाशक म्हणूनच पुढे आणलं. चामखिळीवर ते चालतं, पण जंतू मारून नव्हे. कडक झालेली कातडी थर थर सोलून. कारण चुकीचं, औषध बरोबर.

पण ‘चालतं’ हे ठरवायचं कसं? इथे आत्या पुन्हा येते. १९६३ मध्ये मॅसिंग आणि एप्स्टाइन यांनी संस्थेत राहणाऱ्या मुलांच्या चामखिळी दोन वर्षं नुसत्या पाहिल्या. सुमारे दोन तृतीयांश आपोआप गेल्या. २००२ च्या एका आढाव्यात, ज्यांना नुसतं खोटं औषध दिलं त्यांच्यातले सरासरी ३० टक्के साधारण दहा आठवड्यांत बरे झालेले दिसले. म्हणजे तुम्ही बटाटा चोळा, अंगारा लावा किंवा बोटाला शिव्या द्या, दहातल्या तिघांकडून शाबासकी मिळायची शक्यता आहेच. आमच्या धंद्यात सर्व्हर आपोआप सावरतो आणि श्रेय शेवटचं बटण दाबणाऱ्याला जातं, तसं.

म्हणून काहीच न करणारा गट लागतो. नेदरलँड्समध्ये २५० जणांवर अशी चाचणी झाली, २०१० मध्ये छापून आली. साध्या चामखिळी तेरा आठवड्यांत द्रव नायट्रोजनने गोठवून ४९ टक्के जणांच्या गेल्या, सॅलिसिलिकने १५, काही न करता ८. तळपायावर मात्र तिन्ही गटांत म्हणावा असा फरकच नाही. दुसरीकडे २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात ८५ चाचण्या एकत्र पाहिल्या, तर सॅलिसिलिक खोट्या औषधापेक्षा सरस ठरलं, फार नाही पण ठरलं. मला हा आढावा जास्त पटतो, कारण एका चाचणीत बोटं किती आणि तळपाय किती, यावरच आकडे हलतात.

चुना-सोडाही चामखीळ घालवतो, तो काहीही जाळतोच. फरक असा, की नायट्रोजन लावणारा डॉक्टर सेकंद मोजतो. लहान मुलाच्या बोटावर हे प्रयोग करू नका. चेहऱ्यावर, गुप्तांगावर किंवा मधुमेह्याच्या पायावर तर सॅलिसिलिकही स्वतःहून लावायचं नाही. थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं. आणि गाठ रंग बदलत असेल, रक्त येत असेल, तर ती चामखीळ आहे हे आधी त्यांनाच ठरवू द्या.