एकच पुस्तक लिहिणाऱ्या ताराबाई

मी मराठी घेऊन बी.ए. केलं ते १९७२ साली. तेव्हा आमच्या अभ्यासात ताराबाई शिंदे नव्हत्या. असणार कशा? त्यांचं पुस्तक स. गं. मालशे यांनी शोधून पुन्हा छापलं ते १९७५ मध्ये, मूळ पुस्तकानंतर ९३ वर्षांनी!

हकीकत अशी. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात शिक्षा कमी झाली, पण तेवढ्यात वर्तमानपत्रांनी समस्त बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलं. बुलढाण्यात ताराबाई हे वाचत होत्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे कचेरीत कारकून आणि सत्यशोधक समाजाचे. त्यांनी लेकीला घरीच शिकवलं होतं.

१८८२ साली पुण्यात 'स्त्रीपुरुष तुलना' छापलं गेलं, किंमत नऊ आणे. बायकोच्या मागे नवऱ्याला दुसरं लग्न करायची मोकळीक, मग नवऱ्याच्या मागे बाईलाच का कोंडायचं, असा रोखठोक सवाल. भाषा माजघरातली, टोमणे मारणारी. पंडिती आव नाही. मला तीच सर्वांत आवडते.

व्हायचं तेच झालं. टीका झाली, हेटाळणी झाली. १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आपल्याला माहीत नाही.

हे फक्त आपल्याकडचं, असं समजू नका. १८८७ साली स्वित्झर्लंडमध्ये एमिली केम्पिन-स्पीरी या बाई कायद्याच्या डॉक्टर झाल्या, तरी वकिली करायला मनाई! राज्यघटनेत 'सर्व स्विस समान' म्हटलंय त्यात बायकाही आल्याच, हा त्यांचा युक्तिवाद. कोर्टाला तो पटला नाही. देशाच्या निवडणुकीत मत द्यायला तिथल्या बायकांना १९७१ उजाडावं लागलं. आपल्या आया-आज्यांनी १९५१-५२ लाच मत दिलं होतं.

असो. सांगायचं एवढंच, की कुणीतरी जुनी प्रत जपली म्हणून आज ताराबाई आपल्याला वाचायला मिळतात. सापगावच्या घरोघरी माळ्यावर ट्रंका आहेत. सुट्टीत आलात की उघडून बघा. आजी-पणजीची एखादी वही, पत्र, ओव्यांचा कागद सापडला तर रद्दीत देऊ नका. आधी वाचा.